जलतरण तलावाच्या काठावरील कागद
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत युवक व महिला विभागासमोर दिलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय वाचून काहींना मौज वाटली असेल. पोहण्याच्या सरावाचा लिहिलेला कागद तलावाच्या काठावर वाचण्याजोगा कसा ठेवावा, हा का व्याख्यानाचा विषय? परंतु सभागृहातील अनेक घरांतील मुले सकाळच्या बॅचला जातात, काही भगिनी दुपारच्या महिला बॅचला जातात, आणि गुडघेदुखीमुळे डॉक्टरांनी चालण्याऐवजी पोहण्यास सांगितलेले ज्येष्ठही येथे कमी नसतील. या सर्वांनी कधी ना कधी भिजून लगदा झालेला कागद हातात धरून 'आता पुढे काय?' असा प्रश्न स्वतःला विचारलेला असेल.

प्रथम हा कागद कोणासाठी असतो ते पाहू. राष्ट्रीय स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूचा प्रशिक्षक काठावर उभा असतो. त्याचे शब्द, त्याचे घड्याळ आणि त्याची नजर त्या खेळाडूच्या दिमतीला असतात. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याजवळ बालेवाडी येथे क्रीडासंकुल उभे राहिले. तेथे किंवा अन्यत्र ५० मीटरच्या तलावात सराव करणाऱ्या निवडक मुलांची गोष्ट वेगळी. सामान्य पोहणाऱ्याच्या वाट्याला मात्र एका प्रशिक्षकामागे तीस मुले आणि सहा लेन असा हिशेब येतो. महिला बॅचला पुष्कळदा प्रशिक्षक नसतोच. असते ती केवळ सुरक्षेसाठी नेमलेली जीवरक्षक, आणि तिचे काम सर्वांवर लक्ष ठेवण्याचे असते.

एक उदाहरण घेऊ. पंचावन्न वर्षांची एक गृहिणी आहे. तिला दूरचे चष्म्याशिवाय दिसत नाही आणि दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावावे लागते. पाण्यात उतरताना चष्मा व यंत्र दोन्ही डब्यात काढून ठेवावी लागतात. आच्छादित तलावात आवाज इतका घुमतो की धडधाकट कानांनाही काठावरची हाक नीट उमगत नाही. हिला तर ती पोहोचतच नाही. तिची बॅच ४५ मिनिटांची. शिट्टी झाली की बाहेर. काठावर ठेवलेला कागद हाच तिचा प्रशिक्षक. तो विरघळला तर ती पाण्यात एकटी पडते आणि दोन-चार फेऱ्या मारून, काय साधले हे न कळताच घरी जाते. असे महिनाभर झाले की पोहणे सुटते आणि गुडघ्याचे दुखणे परत येते. चार ओळींच्या कागदावर इतके अवलंबून असते.

आता कागद भिजतो म्हणजे नेमके काय होते? कागद हा वनस्पतीच्या तंतूंचा थर असतो. ते तंतू परस्परांना धरून असतात ती पकड पाणी शिरताच सैल पडते. म्हणून कोरडा कागद ओढला तरी टिकतो आणि ओला कागद बोटाच्या टोकाने फाटतो. शाईचे प्रकरण निराळे. फाउंटन पेनची शाई आणि जेल पेनांपैकी अनेकांची शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते. पहिल्याच थेंबाला ती पसरते. बॉलपेनची शाई तेलकट असल्याने लगेच पसरत नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेली सुबक प्रत बहुधा सर्वांत आधी धुऊन निघते. याउलट झेरॉक्सची किंवा लेझर प्रिंटरची प्रत टिकते, कारण तिच्यावरील काळा रंग म्हणजे उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली प्लॅस्टिकयुक्त भुकटी असते. कागद ओलाचिंब झाला तरी अक्षर जागचे हलत नाही. हाताने लिहिलेल्या कागदाची झेरॉक्स काढून ती तलावावर न्यावी, हा अगदी अल्प खर्चाचा उपाय फारच थोड्यांना सुचतो.

त्याहून साधी वस्तू म्हणजे शिसपेन्सिल. तिच्यातील ग्राफाइट हे कार्बनचेच एक रूप, आणि कार्बन पाण्यात विरघळत नाही. समुद्रात बुडी मारणारे पाणबुडे खरखरीत प्लॅस्टिकच्या पाटीवर पाण्याखालीही पेन्सिलीनेच लिहितात. जैन समाजाला ही गोष्ट नवी वाटू नये. जेसलमेर, पाटण, मूडबिद्री येथील ग्रंथभांडारांनी शतकानुशतके पोथ्या जपल्या. जुन्या कागदी पोथ्यांची काळी शाई बहुधा काजळाची असे, आणि काजळ म्हणजेही कार्बन. तरीही अनेक पोथ्यांच्या अखेरीस लेखनिकाने वाचकाला विनंती केलेली आढळते की हे लेखन पाण्यापासून, तेलापासून आणि सैल बांधणीपासून जपावे. काजळ विरघळत नसले तरी ते धरून ठेवणारा डिंक विरघळतो, हे त्या लेखनिकांना ठाऊक होते. म्हणून पोथीला फळ्या आणि वरून कापडी वेष्टन असे. लेखन टिकाऊ हवे आणि वर आवरणही हवे, ही त्यांची दुहेरी दक्षता तलावावरही तितकीच लागू पडते.

आवरणांत सर्वांत सुलभ म्हणजे झिप असलेली पारदर्शक पिशवी. कागद आत सरकवावा, मागे पुठ्ठ्याऐवजी प्लॅस्टिकचा पातळ तुकडा घालावा (पुठ्ठा ओल शोषून फुगतो), हवा दाबून काढावी आणि मग झिप लावावी. हवा राहिली तर आतल्या ओलाव्याचे दव आतून काचेसारखे जमते आणि बाहेर कोरडी असलेली पिशवी आतून धूसर होते. नव्या शर्टाची पारदर्शक पिशवीही चालते. मात्र तिचे तोंड दुमडून खाली करावे. फायलीत घालण्याचे वरून उघडे असलेले प्लॅस्टिकचे कव्हर मात्र फसवे. काठावर उसळलेले पाणी त्यात वरून शिरते, खाली साठते आणि कागद पाण्याच्या पिशवीत ठेवल्यासारखा होतो.

लॅमिनेशनचा मोह अनेकांना पडतो. तेच ते सराव वारंवार करणाऱ्यांसाठी ते उत्तम. मात्र दुकानदाराला एक गोष्ट बजावून सांगावी लागते: कडा कागदाला चिकटून कापू नयेत. कागदाबाहेर चारही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर तरी नुसते प्लॅस्टिक एकमेकांना चिकटलेले राहू द्यावे. कागदाची कड उघडी पडली की पाणी तंतूंतून आपोआप आत चढते आणि आठवडाभरात तपकिरी डाग मध्यापर्यंत पोहोचतो. टांगण्यासाठी भोक पाडायचे तेही या मोकळ्या पट्टीतच पाडावे. त्यासाठी वरच्या बाजूची पट्टी थोडी रुंद ठेवून घ्यावी. रोज बदलणाऱ्या सरावासाठी लॅमिनेशन म्हणजे पैशाचा अपव्यय. त्यापेक्षा जाहिरातफलक बनवणाऱ्याकडून पांढऱ्या पीव्हीसी पत्र्याचा तुकडा आणावा, बारीक पॉलिश पेपरने घासून त्याची चकाकी घालवावी आणि त्यावर पेन्सिलीने लिहावे. रबराने पुसले की उद्याची पाटी तयार. शाळेतली दगडी पाटी का चालणार नाही, असे कोणी विचारील. ती ओल्या बोटाने पुसली जाते; लहानपणी सर्वांनी ते केलेलेच आहे. पांढऱ्या फळ्यावरील मार्करचेही तेच. पोहणाऱ्याचा हात टेकला की अर्धा सराव तळहातावर येतो.

ओल्या कागदाचा एक गुणही आहे. झेरॉक्सचा कागद मुद्दाम पाण्यात बुडवून गुळगुळीत फरशीवर किंवा किकबोर्डवर, म्हणजे पोहण्याच्या फळीवर, थापला तर तो तेथे घट्ट चिकटून बसतो आणि वाऱ्यानेही उडत नाही. ४५ मिनिटांच्या सरावाला हे पुरते. उठताना मात्र तो आठवणीने काढावा. कागदाचा लगदा तलावात गेला तर तो गाळणीत अडकतो आणि तलावाचे कर्मचारी रागावतात, ते योग्यच आहे.

मोबाइल किंवा मनगटावरचे आधुनिक घड्याळ वापरावे, असे तरुण म्हणतील. घड्याळाचा उपयोग आहे. परंतु चाळिशी लागलेल्या डोळ्यांना त्यावरचे बारीक अक्षर दिसत नाही. मोबाइलचा पडदा ओल्या बोटाला नीट दाद देत नाही. शिवाय अनेक तलावांवर, विशेषतः महिला बॅचला, कॅमेरा असलेले यंत्र आणण्यास मनाई असते, आणि ती असावीच.

येथवर पाण्याचा विचार झाला. पण कागद पूर्ण कोरडा राहूनही वाचता येत नाही, असे बहुतेकांच्या बाबतीत घडते. त्याची कारणे कागदात नसून डोळ्यांत आणि घड्याळात आहेत. खरी अडचण येथेच आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

पोहणाऱ्याचा डोळा पाण्याच्या पृष्ठभागापासून वीतभर उंचीवर असतो. काठावर आडवा ठेवलेला कागद त्याला इतका तिरका दिसतो की ओळी एकमेकींवर चढतात. म्हणून कागद उभा हवा. स्टार्टिंग ब्लॉकच्या दांड्याला दोरीने टांगावा, किंवा पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा करावा. लेनच्या मधोमध ठेवू नये. तेथे इतरांना वळायचे असते. कोपरा बरा.

आता अक्षर केवढे असावे? नेत्रतज्ज्ञांच्या तक्त्यावर ६/६ दृष्टीचे अक्षर ६ मीटर अंतरावरून वाचायचे असते आणि त्याची उंची सुमारे ८.७ मिलिमीटर असते. त्याच प्रमाणात १ मीटरवरून वाचायचे अक्षर जेमतेम दीड मिलिमीटरचे पुरते. पण हा निरोगी डोळ्याचा, चांगल्या उजेडातला, अगदी कडेवरचा हिशेब झाला. चष्मा काढल्यावर जिची दृष्टी ६/३६ उरते तिला १ मीटरवरून किमान ८.७ मिलिमीटरचे अक्षर लागेल, आणि तेही चाचपडत. देवनागरीत तर शिरोरेखा, मात्रा आणि जोडाक्षरे यांची दाटी असते. तेव्हा अक्षराचा मूळ भागच एक ते दीड सेंटिमीटर उंच असावा. ए-४ कागदाची उंची २९.७ सेंटिमीटर. एक सेंटिमीटरचे अक्षर आणि तितकीच मोकळी जागा धरली तर चौदा ओळी मावतात. दीड सेंटिमीटरचे धरले तर नऊ. याचा अर्थ असा की सराव नऊ-दहा ओळींतच बसला पाहिजे. ज्यांना लांबचे दिसत नाही त्यांना कागद जवळ आणून वाचता येतो; दोन नंबरचा उणे चष्मा असणाऱ्याला अर्ध्या मीटरपर्यंत स्पष्ट दिसते. ज्यांना जवळचे दिसत नाही त्यांना तोच कागद थोडा दूर हवा. एका लेनमध्ये माय-लेकी पोहत असतील तर दोन कागद करावेत, हेच खरे.

गॉगलचा रंगही विचारात घ्यावा. पोहणाऱ्यांना ऑलिंपिकमध्ये गॉगल वापरण्याची मुभा १९७६ मध्ये मिळाली. त्याच सुमारास सरावातही गॉगल रुळले, क्लोरीनने डोळे चुरचुरण्याआधी तलावाबाहेर पडण्याची सक्ती संपली आणि सराव लांबत गेले. लांब सराव पाठ राहत नाही, म्हणून कागद आला. मात्र निळ्या काचेतून निळी शाई फिकट दिसते, कारण पांढरा कागदही तितकाच निळा झालेला असतो. पिवळ्या मार्करची रेघ तर साध्या काचेतूनही धड दिसत नाही. काळा रंग सर्वांतून दिसतो. निरनिराळ्या रंगांत सजवलेला सरावाचा कागद घरी देखणा वाटतो, काठावर निरुपयोगी ठरतो.

यानंतर अंकांचा घोळ. महाराष्ट्रातील घरांत देवनागरी आणि इंग्रजी असे दोन्ही अंक सर्रास लिहिले जातात, कधी एकाच ओळीत. देवनागरी ४ हा घाईत इंग्रजी आठसारखा दिसतो. देवनागरी ५ हा इंग्रजी चारसारखा, आणि देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा. कोरड्या कागदावर, खुर्चीत बसून वाचताना मेंदू ही चूक सुधारून घेतो. दम लागलेला असताना, पाण्याने धूसर झालेल्या काचेतून तो सुधारत नाही. मघाच्या भगिनीचा सराव पाहू. तलाव २५ मीटरचा आहे.

२०० सावकाश
४ × ५० फळी, फक्त पाय
८ × ५० फ्री, १:४५
४ × २५ वेगाने
१०० सावकाश
एकूण १०००

पाच ओळी आणि बेरीज, बस. यातील दुसऱ्या ओळीतला ४ आठ म्हणून वाचला गेला तर पायांचा सराव २०० मीटरऐवजी ४०० मीटर होतो. फळी घेऊन ५० मीटर जाण्यास अडीच मिनिटे लागत असतील तर दहा मिनिटे तेथेच जादा गेली. मुख्य भाग येईपर्यंत शिट्टी वाजते आणि थकलेल्या मांड्यांसह बाहेर यावे लागते. म्हणून एका कागदावर एकच अंकलिपी वापरावी. काठावरच्या घड्याळावर इंग्रजी अंक असतील तर कागदावरही तेच लिहावेत. तेथे भाषाभिमान आड येऊ देऊ नये. आणि शेवटी बेरीज अवश्य लिहावी, कारण बेरीज जुळली नाही की चूक घरीच उमगते.

तिसऱ्या ओळीतील १:४५ या आकड्याचा अर्थ विश्रांतीचा वेळ असा नाही. दर १ मिनिट ४५ सेकंदांनी पुढचे ५० मीटर सुरू करायचे, असा तो आहे. तिने ते अंतर १ मिनिट २५ सेकंदांत कापले तर तिच्या हाती २० सेकंद उरतात. त्यात श्वास सावरायचा, घड्याळ पाहायचे, एक घोट पाणी प्यायचे. वाचनासाठी तीन-चार सेकंद उरतात. या तीन-चार सेकंदांत मजकूर वाचला गेला पाहिजे, ही सरावाचा कागद लिहिणाऱ्याची कसोटी. 'पन्नास मीटर अंतर एकूण आठ वेळा मुक्तशैलीने पोहावे व प्रत्येक वेळी' असे वाक्य तिथपर्यंत वाचेतो निघण्याची वेळ टळून जाते. कागद लिहिणारे बहुधा प्रशिक्षक असतात आणि त्यांना सूचना सविस्तर देण्याची हौस असते. कोपर उंच ठेवा, श्वास डावीकडे घ्या, पायांचा आवाज करू नका: हे सारे पाण्यात उतरण्यापूर्वी तोंडी सांगावे. कागदावर फार तर एक शब्द, 'कोपर', एवढाच असावा.

पेस क्लॉक, म्हणजे काठावरचे मोठ्या सेकंदकाट्याचे घड्याळ, जेथे आहे तेथे एक युक्ती उपयोगी पडते. पहिली फेरी काटा ६० वर असताना सुरू केली तर १:४५ च्या हिशेबाने पुढच्या फेऱ्या ४५, ३० आणि १५ वर सुरू होतात, आणि पाचवी पुन्हा ६० वर. कागदाच्या त्या ओळीखाली मोठ्या अक्षरांत ६०, ४५, ३०, १५ एवढेच लिहून ठेवावे. मग कितवी फेरी चालली आहे हे काटाच सांगतो. तो ३० वर असताना निघायचे असेल तर फेरी तिसरी किंवा सातवी. आणि तिसरी की सातवी, याचा संभ्रम दमलेल्या शरीराला सहसा पडत नाही. घड्याळ नसेल तर कोपऱ्यात आठ खडे मांडावेत आणि दर फेरीला एक पलीकडे सरकवावा. जपमाळेचे मणी ओढण्याची सवय असलेल्या बोटांना हे शिकवावे लागत नाही. दर फेरीला पेन्सिलीने खूण करण्याचा सल्ला काही जण देतात, तो तितकासा बरा नव्हे. पेन्सिल शोधण्यातच विश्रांती संपते.

ज्येष्ठांच्या कागदावर आणखी एक ओळ हवी, आणि ती सर्वांत ठळक असावी. डॉक्टरांनी मर्यादा घातलेली असेल तर त्या जागी आडवी जाड रेघ मारून खाली 'येथे थांबावे' असे लिहावे. पाण्यात अंग हलके वाटते, घाम कळत नाही, आणि उत्साहाच्या भरात मर्यादा ओलांडली जाते. घरच्या माणसांनी केलेली सूचना काठावर आठवत नाही. डोळ्यांसमोरची रेघ मात्र दिसते.

मूळ सराव घरच्या वहीतच राहू द्यावा. तलावावर जाते ती त्याची प्रत. परत आल्यावर, कागद दोरीवर वाळत असतानाच, वहीत तारीख घालून किती झाले आणि कोठे थांबलो हे लिहावे, व पुढच्या वेळचा कागद त्याच दिवशी तयार करून पिशवीत घालून ठेवावा. पोहण्याचा पोशाख, टोपी, गॉगल, श्रवणयंत्राचा कोरडा डबा यांच्याबरोबर ती पिशवी दाराशी असली की सकाळच्या धांदलीत मागे राहत नाही. पिशवीच्या झिपला भेग पडली आहे का, हे आठवड्यातून एकदा तिच्यात टिपकागदाचा तुकडा घालून आणि ती बादलीत बुडवून पाहता येते.